कच्च्या मातीचा खुळखुळा

१

रविवारी सकाळी दहा वाजता माझ्या भाचीनं संग्रहालयाच्या तिजोरीतून एक लाकडी पेटी काढली, संचालकांच्या टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. आत कापूस होता. कापसाशिवाय काहीच नव्हतं.

सव्वादहाला मला फोन आला. "आत्या, तू येतेस का?" एवढंच ती बोलली. रडली नाही, म्हणून मी जास्त घाबरले आणि रिक्षा केली.

मी तीस वर्षं विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करत होते. कापडाचं गोदाम जळलं तर किती राख उरायला हवी हे मला कळतं, आणि तेवढी राख नसेल तर कापड आगीच्या आधीच कुठे गेलं हेही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण सवय जात नाही. घरात साखर संपली तरी मी आधी डबा बघते आणि मग माणसं.

भाचीला आम्ही घरात खापरी म्हणतो. सात वर्षांची असताना कुणाच्या तरी घराचा पाया खणताना निघालेले मडक्याचे तुकडे फ्रॉकच्या ओच्यात भरून घरी आली होती, तेव्हापासूनचं नाव. आता ती चौतीस वर्षांची आहे, संग्रहालयात वर्षावर्षाच्या कंत्राटावर काम करते, आणि तिनं हट्टानं एक गोष्ट सुरू केली आहे: शनिवारची व्याख्यानं. प्राचीन वस्त्यांमधली माणसं कशी राहत होती, काय शिजवत होती, मुलांना कशी खेळवत होती, हे कुणीही यावं आणि ऐकावं. तिकीट नाही. चार शनिवारांपैकी तीन झाले होते. पहिल्याला साठ माणसं होती, तिसऱ्याला दोनशे.

तिसरं व्याख्यान होतं मुलांबद्दल, आणि त्यासाठी तिनं स्वतःच्या सहीवर तिजोरीतून तो खुळखुळा बाहेर काढला होता. लिंबाएवढा, चार हजार वर्षांपूर्वीचा, कच्च्या मातीचा. भट्टीत न भाजलेला, नुसता उन्हात वाळवलेला. अशी वस्तू टिकतच नाही, म्हणून तिचं अप्रूप. मी पहिल्या रांगेत होते. तिनं तो ओंजळीत धरून माइकजवळ एकदाच हलवला. आत चार-पाच खडे असावेत. दोनशे माणसं श्वास धरून बसली होती, आणि मला उगाचच भरून आलं.

"आत्या, उद्या तीन वाजता संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळाची बैठक आहे," खापरी म्हणाली. संचालक खिडकीकडे तोंड करून उभे होते. पाठमोरेच बोलले, "तोपर्यंत वस्तू मिळाली तर ठीक. नाहीतर पोलिसांत तक्रार, चौथं व्याख्यान रद्द, आणि यांच्या कंत्राटाचं काय होईल ते मी वेगळं सांगायला नको."

मी पेटीतला कापूस चिमटीत धरून उजेडाकडे नेला. तो पांढराशुभ्र होता.

"हा कधीचा?"

"कालचाच. जुना मळला होता, म्हणून मी व्याख्यानाआधी बदलला."

"म्हणजे खुळखुळा या कापसात कधी बसलाच नाही. कच्च्या मातीची भुकटी कापसाला लागल्याशिवाय राहील का? तिजोरीतून काही चोरीला गेलेलं नाही, संचालक साहेब. काल तुम्ही रिकामीच पेटी कुलपात ठेवलीत."

२

खापरीचा चेहरा पडला. मी तिला कालची संध्याकाळ मिनिटामिनिटानं सांगायला लावली.

साडेसहाला व्याख्यान संपलं. मग लोक व्यासपीठाजवळच्या लांब टेबलाशी आले. तिथे ती मातीनं माखलेली खापरं ठेवते, जमिनीतून निघतात तशीच, लोकांनी हातात घेऊन बघावीत म्हणून. टेबलाच्या एका टोकाला काचेच्या झाकणाखाली खुळखुळा आणि शेजारी उघडी पेटी. लोकांनी तिला घेरलं, प्रश्नांची सरबत्ती झाली. सातला गर्दी पांगली तेव्हा काचेखाली काही नव्हतं आणि पेटीला झाकण होतं.

"उघडून नाही बघितलंस?"

"मला वाटलं, कुणीतरी नीट ठेवला."

"हलवून?"

"कापसात घट्ट बसवला की तो वाजत नाही. आणि पेटी जड शिसवी. वजनानं कळत नाही."

या 'वाटलं'वर माझी निम्मी नोकरी चालली. पण तेव्हा तिला बोलून उपयोग नव्हता, म्हणून मी गिळलं.

दारावरचा रखवालदार जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी बघतो. पिशवीतून वस्तू गेली नव्हती. आणि खुळखुळा खिशात घालून दोनशे माणसांतून खुळखुळ वाजवत चालत जाणारा चोर अजून जन्माला यायचाय. तरी दोन माणसांवर खापरीचा संशय होता, आणि संशय म्हणजे पायातला काटा, काढल्याशिवाय पुढे चालता येत नाही.

पहिले टायवाले. जुन्या वस्तू जमवणारे श्रीमंत गृहस्थ. त्यांनी व्याख्यानात सर्वांदेखत विचारलं होतं, "याची बाजारात किंमत काय?" मी त्यांच्या घरी गेले. काचेची कपाटं, प्रत्येक वस्तूखाली पावती.

"बाई, कागद नसलेली वस्तू मी घेऊन करू काय? दाखवू कुणाला?" ते म्हणाले. "आणि मी प्रश्नोत्तरं संपायच्या आधीच निघालो. भाचीबाईंनी माझ्या प्रश्नाला असं काही बघितलं की माझी भूकच गेली." रखवालदारानंही तेच सांगितलं होतं: टायवाले सगळ्यांत आधी बाहेर. काटा एक निघाला.

दुसरा साचेवाला. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत तो वस्तूंच्या प्रतिकृती करतो आणि व्याख्यानाच्या दिवशी दाराशी विकतो. खुळखुळ्याचा साचा घेऊ द्या म्हणून त्यानं दोनदा अर्ज केला होता, दोन्ही वेळा नकार आला होता.

"साचा घ्यायला नव्हता मागितला, जवळून मापं घ्यायला मागितला होता," तो हाताला लागलेलं प्लास्टर खरवडत म्हणाला. "साचा म्हणजे ओलं काम. कच्ची माती आणि ओल, यांची गाठ पडली की माती संपली. अर्ध्या तासात चिखल. ती वस्तू पळवून मी काय, तिचं सूप करू?"

"टेबलाशी गेला होतास?"

"माझ्याकडे गिऱ्हाईकं होती. पण दारातून टेबल दिसत होतं की. पेटीचं झाकण सरांनी लावलं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, कुणीतरी जाणतं माणूस आहे तिथं."

सर म्हणजे खापरीचे गुरू. पंचवीस वर्षांपूर्वी तो खुळखुळा मातीतून स्वतःच्या हातांनी काढणारा माणूस.

३

सरांच्या घराच्या भिंतीवर उत्खननाच्या छावण्यांचे फोटो आहेत. तंबू, टोप्या घातलेली मुलं, आणि प्रत्येक फोटोत मधोमध सर. मी बसले, त्यांनी पाणी दिलं, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले, "हे होणारच होतं. वस्तू अभ्यासकांच्या असतात. गर्दीसमोर खुळखुळे वाजवायचे नसतात."

"पेटीचं झाकण तुम्ही लावलंत?"

"लावलं. उघडी दिसली म्हणून. आत काय आहे, नाही, ते बघितलं नाही."

"आणि आज सकाळी आठला संग्रहालयात गेला होतात. रखवालदाराच्या वहीत नाव आहे."

"चष्मा विसरलो होतो."

चष्मा त्यांच्या गळ्यात दोरीला लटकत होता. काल शनिवारीही तो तिथेच होता, मी त्यांच्यापासून तीन खुर्च्या सोडून बसले होते. मी काही बोलले नाही. खोटं बोलणाऱ्याला लगेच अडवलं की तो पुढचं खोटं नीट बांधतो.

उठून मी फोटो बघू लागले. एका फोटोत तंबूच्या सावलीत एक निळा टब होता, वर फडकं, आणि शेजारी काठी घेऊन एक विद्यार्थी पहाऱ्याला असावा तसा उभा. लांब विहिरीजवळ पांढऱ्या टबांची रांग.

"हा निळा टब एकटाच का?"

सरांचा चेहरा उजळला. कामाबद्दल विचारलं की माणूस सगळं विसरतो. "निळ्यात नाजूक. हा माझा नियम. कच्ची माती, जळकं लाकूड, हाड, जे पाण्याला लावायचं नाही ते निळ्यात, वर फडकं. आणि निळ्याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तीस वर्षं, अकरा छावण्या, एकदाही कुणी लावला नाही."

मी निरोप घेतला. ते दारापर्यंत आले, जपून जा म्हणाले, रिक्षा कोपऱ्यावर मिळेल म्हणाले.

रिक्षात बसल्यावर मला कळलं की मला इतका वेळ काय टोचत होतं. ज्याचं काही हरवतं तो तपासनिसाला पहिला प्रश्न विचारतो, 'सापडलं का?' तीस वर्षांत याला अपवाद नाही. फक्त ज्याला ते सापडणार नाही हे ठाऊक असतं, तोच विचारत नाही. स्वतः शोधलेल्या वस्तूबद्दल सरांनी अर्ध्या तासात एकदाही विचारलं नव्हतं.

४

सोमवारी सकाळी नऊला मी संग्रहालयाच्या मागच्या अंगणात गेले. तिथे खापरं धुणाऱ्या मावशी बसतात. वीस वर्षं त्या जुनी मडकी दात घासायच्या ब्रशनं घासताहेत. शेजारी सिमेंटचा हौद, उन्हात जाळीवर वाळत घातलेली खापरं, आणि भिंतीला उपडे टेकवलेले दोन टब. दोन्ही निळे.

"मावशी, शनिवारच्या टेबलावरची खापरं कुठे जातात?"

"निळ्या टबात भरतो, टब मी उचलून आणते, हौदात ओतते. रात्रभर भिजली की सकाळी माती हातासरशी सुटते."

"टबावर फडकं असतं?"

"टेबल पुसायचं फडकं कोणतरी टाकतंच वर. मी फडक्यासकट ओतते. तेही धुवून निघतं."

"आणि नाजूक वस्तू कशात ठेवतात?"

"पांढऱ्या टबात. तो तिजोरीचा. निळा आला की पाण्यात, ही इथली रीत. मी आले तेव्हापासून." मग त्या कुरकुरल्या, "शनिवारी माती मात्र फार होती हो. रोजची लाल असते, ही राखाडी निघाली. खाली नुसता गाळ."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं. मी टायवाल्यांकडे पावत्या वाचत बसले होते आणि उत्तर या हौदाच्या तळाशी बसलं होतं.

"तो गाळ कुठे आहे?"

"गाळ फेकायचा नसतो," मावशी मलाच शिकवायच्या सुरात म्हणाल्या. "चाळणीतून काढायचा. चाळणीवर काही राहिलं तर वाटीत ठेवायचं. मणी असतात, कधी बी असतं. ही बघा शनिवारची वाटी. पाच खडे निघालेत."

मी खापरीला बोलावलं. ती धावतच आली. वाटी हातात घेतली आणि इतका वेळ बघत राहिली की मावशींनी ब्रश खाली ठेवला. चार खडे नदीकाठचे, गुळगुळीत, वाटाण्याएवढे. पाचवा पांढरट, खालून पोकळ.

"हा खडा नाही," खापरी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "आत्या, हा दात आहे. लहान मुलाचा. दुधाचा दात."

मावशी वाटीकडून आमच्याकडे आणि आमच्याकडून हौदाकडे बघत होत्या. वीस वर्षं काम करणाऱ्या बाईला समजायला वेळ लागत नाही. त्यांनी विचारलं, "माझ्या हातानं गेला तो?"

५

आम्ही संचालकांना सांगितलं, आणि मला भीती होती तेच झालं. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "म्हणजे धुणारीची चूक. बैठकीत तसं सांगतो. तिला काढलं की प्रश्न मिटला, तुमचंही कंत्राट वाचेल."

मी खापरीकडे बघितलं. खरं सांगते, एक क्षण मला वाटलं की हिनं गप्प बसावं. माझ्या भावाची एकुलती एक मुलगी, सहा वर्षं कंत्राटावर लटकलेली. पण ती म्हणाली, "मावशींनी रीत पाळली. चूक माझी, पेटी न उघडता सही केली ती. आणि दुसरी चूक ज्यांची आहे त्यांना आत्यानं एक वाजता बोलावलंय."

सर बरोबर एकला आले. व्याख्यानाच्या रिकाम्या सभागृहात, त्याच लांब टेबलाशी, मी त्यांना बसवलं. टेबलावर निळा टब ठेवला होता, त्यात काही नव्हतं.

"सर, काचेखालचा खुळखुळा पेटीत गेला नाही, दारातून गेला नाही, तर तो टेबलापाशीच राहिला. टेबलाखाली होता हा टब. इथल्या माणसांपैकी कुणीही निळ्या टबात नाजूक वस्तू ठेवणार नाही, कारण इथे निळा म्हणजे पाणी. बाहेरचा माणूस तर मळक्या खापरांवर ती ठेवणारच नाही. जगात एकच माणूस आहे ज्याचा हात नाजूक वस्तू घेऊन आपोआप निळ्या टबाकडे जातो, आणि वर फडकं टाकतो. मग तो पेटीचं झाकण लावतो, म्हणजे लगेच कुणाच्या लक्षात येऊ नये."

सर रिकाम्या टबाकडे बघत होते. मी पुढे सांगितलं.

"लपवायचाच होता, चोरायचा नव्हता, हे मला मान्य आहे. पण रविवारी आठला तुम्ही तो घ्यायला आलात. चष्मा तुमच्या गळ्यातच होता. आणि काल तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत की सापडला का."

सरांनी टबाच्या काठावर हात ठेवला.

"एका मुलीनं काच उचलली होती," ते म्हणाले. "बोट लावणार होती. मी तो उचलला आणि टबात ठेवला. हिला सांगायला वळलो, तर ही लोकांमध्ये हसत होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, राहू दे. एक रात्र घाबरू दे. सकाळी पेटी रिकामी दिसेल, मग मी काढून देईन, म्हणजे कायमचा धडा मिळेल. रविवारी सकाळी आलो, तर टब उन्हात उपडा होता. राखाडी पाणी मोरीतून वाहत होतं. मला सगळं कळलं."

"आणि तुम्ही घरी गेलात," खापरी म्हणाली.

"गेलो."

"मी दोन दिवस चोर ठरत होते, सर."

तिनं हे चढ्या आवाजात म्हटलं नाही. पण सरांची मान खाली गेली, आणि मला त्यांचा राग आला होता तो थोडा ओसरला, सगळा नाही. दुसऱ्याला धडा शिकवायला निघालेल्या माणसानं स्वतःच्या आयुष्यातली सर्वांत सुंदर वस्तू पाण्यात घातली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण एवढं मोठं अवलक्षण कुणाच्या वाट्याला येऊ नये.

"मी मंडळाला पत्र लिहितो," ते म्हणाले. "सगळी जबाबदारी माझी. मावशींचं आणि तुझं नाव येणार नाही."

"पत्र लिहा. पण पत्र फाइलला लागेल आणि संपेल. शनिवारी दोनशे माणसं येतील. त्यांनी तो खुळखुळा ऐकला होता. तो कुठे गेला हे त्यांना कळायला हवं. माइकवर सांगा."

"त्या लोकांसमोर?"

"हो. त्या लोकांसमोर."

संचालक संस्थेच्या नावाबद्दल काहीतरी पुटपुटले. मी त्यांना म्हटलं, "नुकसान लपवणाऱ्याचा दावा आम्ही नेहमी फेटाळायचो, आणि स्वतःहून सांगणाऱ्याचा बहुधा मंजूर व्हायचा. मंडळालाही तेच सांगा."

तीनची बैठक साडेपाचपर्यंत चालली. सर स्वतः आत गेले. बाहेर आले तेव्हा दहा वर्षांनी थकलेले दिसत होते. मावशींची नोकरी राहिली, चौथं व्याख्यान राहिलं. खापरीच्या कंत्राटाचा निर्णय व्याख्यानानंतर, असं ठरलं.

६

शनिवारी खुर्च्या कमी पडल्या. लोक भिंतीला टेकून उभे होते. मावशी पहिल्या रांगेत होत्या. त्यांना तिथे मी हाताला धरून बसवलं होतं.

सर माइकसमोर उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी अभ्यासकांपुढे भाषणं केली होती, रस्त्यावरून आत येणाऱ्या माणसांपुढे कधीच नाही. त्यांनी कागद काढला, आणि मग तो न वाचताच घडी करून ठेवला. जे झालं ते सगळं सांगितलं. टब, फडकं, राग, उन्हातला उपडा टब, घरी निघून जाणं. एकही गोष्ट मऊ केली नाही. मागे कुणीतरी चुकचुकलं. एक माणूस उठून निघून गेला. बाकीचे बसून राहिले.

मग पडद्यावर चार खडे आणि एक दात आला. चार हजार वर्षांत कुणी बघितला नव्हता, खुळखुळा शाबूत असता तर कुणी बघितलाही नसता. मंडळाचे अध्यक्ष दाराशी उभे होते. त्यांनी संचालकांच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि संचालकांनी मान डोलावून मला खुणेनंच कळवलं की खापरीचं कंत्राट पक्कं. मी मान फिरवून भिंतीकडे बघितलं, कारण डोळे भरले होते आणि ते मला कुणाला दाखवायचे नव्हते.

चौथ्या रांगेतल्या एका वयस्कर बाई उठल्या. "मला विचारायचंय. तो दात आईनं आत घातला असेल, की मुलानं स्वतःच? का ते मूल गेलं होतं, आणि धाकट्याच्या खेळण्यात त्याचा दात ठेवला?"

सर्वांनी सरांकडे बघितलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. मग ते खापरीकडे वळले. "तुला काय वाटतं?"

खापरीनं पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली होती. तिचं मत त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं. तिनं माइक घेतला आणि त्या बाईंना विचारलं, "तुमच्या घरी मुलांचे पडलेले दात कुठे ठेवले होते?" बाई सांगू लागल्या, त्यांच्या मागचा एक गृहस्थ सांगू लागला, आणि सभागृहात जागोजागी हात वर झाले.

सर व्यासपीठावरून उतरले. पहिल्या रांगेत मावशींच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिथे ते बसले, खिशातून वही काढली, आणि लोक जे सांगत होते ते लिहून घ्यायला लागले.